उजवीकडचं सोयाबीन

व्हर्लिनने स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकवला आणि इंजिन तपासताना करायचा तसा गंभीर चेहरा केला. हाताला थरथर लागत होती. म्हणजे वाजत होता.

"हा बरा आहे," तो म्हणाला. "याचा खालचा सूर भरदार आहे."

"बघा वहिनी, हे उस्तादांनाच कळणार!" कर्टिस व्हर्लिनच्या बायकोकडे, डोरीनकडे वळला. "माझी जुनी गाडी रस्त्यावरून जाताना नुसती ऐकली आणि यांनी सांगितलं, तिसरा सिलिंडर चुकतोय म्हणून. मी गॅरेजच्या फाटकातसुद्धा शिरलो नव्हतो."

कर्टिसचं गावात रेडिओ-स्पीकरचं दुकान होतं. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला, व्हर्लिनचे दोन्ही मुलगे, सुना आणि नातवंडं जमायची होती, आणि या वर्षी डोरीनला पोहण्याच्या तलावाकाठी, घरामागच्या लाकडी डेकवर गाणी हवी होती. म्हणून कर्टिस स्पीकरच्या तीन जोड्या ट्रकमध्ये घालून घेऊन आला होता. एक भिंतीला लावायची पांढरी, एक कुंडीसारखी आणि एक हुबेहूब दगडासारखी.

"दगड नकोत," डोरीनने आधीच सांगून टाकलं होतं. "नातवंडं पहिल्याच दिवशी उचलून पाण्यात टाकतील."

व्हर्लिनला तिन्ही सारख्याच. दोन वर्षांपूर्वी एका साध्या सर्दीनंतर त्याचा उजवा कान जो गेला तो गेलाच, आणि त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. चाळीस वर्षं ज्याने नुसत्या आवाजावरून गाड्यांची दुखणी ओळखली, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय त्याने आपल्या वडिलांची अखेर पाहिली होती. त्यांना ऐकू येईनासं झाल्यावर घरातली माणसं त्यांच्यासमोर त्यांच्याचबद्दल बोलत, जणू जेवणाच्या टेबलाशी कपाटच आणून ठेवलंय. व्हर्लिनला कपाट व्हायचं नव्हतं. म्हणून त्याने एक नियम घालून घेतला होता. "काय म्हणालात?" असं कधी विचारायचं नाही. ऐकू आलं नाही की हसायचं आणि मान डोलवायची. एवढ्यावर त्याने दोन वर्षं झकास निभावून नेली होती.

आजही तसं कठीण जात नव्हतं. डोरीनचा पाय ठेका धरत होता. पेल्यातल्या थंड चहावर बारीक लहरी उठत होत्या. बघणाऱ्याला बरंच काही ऐकू येतं.

"आता खरी परीक्षा," कर्टिस म्हणाला. त्याने पांढरी जोडी व्हर्लिनच्या खुर्चीच्या दोन बाजूंना उंच स्टुलांवर ठेवली. "बसा उस्ताद, आणि डोळे मिटा. डोळे उघडे असले की माणूस डब्याच्या रंगाला भुलतो."

"मला नाही भुलवत कोणी."

"तरी मिटा."

व्हर्लिनचा निम्मा कारभार डोळ्यांवर चालायचा. पण डोळे न मिटण्याचं कारण काय सांगणार? त्याने मिटले. गावरान व्हायोलिनचा, फिडलचा एक तुकडा सुरू झाला, तलावाच्या पंपाकडून, म्हणजे डावीकडून. सुरेख वाजत होता. मग तो थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा डावीकडूनच. व्हर्लिन वाट पाहत राहिला. कर्टिस विसरला असेल, त्याला वाटलं. मोठमोठ्या दुकानदारांचीही एखादी वायर निसटते. आणि आपणच चूक पकडली तर बरंच आहे की.

"अरे, उजवा लावायचा राहिला तुझा," तो ऐटीत म्हणाला.

त्याने डोळे उघडले तेव्हा कर्टिस उजव्या स्टुलाशी वाकलेला होता आणि त्याचा हात स्पीकरच्या जाळीवर होता.

"उजवाच तर चालू आहे, उस्ताद," तो हळू आवाजात म्हणाला. "डावा मी केव्हाच बंद केलाय."

एकच कान चालला की सगळे आवाज त्याच बाजूने येतात, हे व्हर्लिन विसरला होता. सारवासारव करायला त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी डोरीनच खुर्चीतून उठली.

"मीच सांगणार होते," ती म्हणाली. "तो उजवा तिथं नकोच मला. कर्टिस, दोन्ही डावीकडे लाव. पंपाच्या खोलीच्या भिंतीवर, शेजारीशेजारी."

"वहिनी, असं कोणी लावत नाही. एक इकडे, एक तिकडे, मध्ये माणूस. तेव्हा कुठं गाण्याची मजा येते."

"उजवीकडच्या शेजाऱ्यांना त्रास होईल."

कर्टिसने उजवीकडे पाहिलं. कुंपणापलीकडे थेट हमरस्त्यापर्यंत हिरवंगार शेत पसरलं होतं.

"उजवीकडे सोयाबीन आहे, वहिनी."

"मग? सोयाबीनने काय पाप केलंय? त्यालाही झोप लागते."

कर्टिस खो खो हसला. व्हर्लिनही हसला. पण हसता हसता तो मध्येच थांबला. डोरीन हसत नव्हती. ती चहाचे रिकामे पेले गोळा करत होती आणि मुद्दाम त्याच्याकडे पाहत नव्हती.

कर्टिसने भिंतीला भोकं पाडायला घेतली आणि व्हर्लिन जागचा न हलता विचार करत राहिला. गेल्या वर्षापासून गाडी डोरीन चालवते. तू वळणं फार जोरात घेतोस, म्हणाली होती, आणि तो आठवडाभर फुगून बसला होता. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे आता तो शेजारच्या सीटवर बसतो आणि ती त्याच्या डाव्या हाताला असते. त्याआधी तिने पलंगाची बाजू बदलून घेतली होती, खिडकीचा वारा बाधतो म्हणून. जेवणाचं टेबल फिरवलं, तेव्हा खुर्चीतून पक्षी दिसावेत असं कारण होतं. तिला पक्ष्यांची एवढी आवड कधीपासून लागली, हे त्याने विचारलंच नव्हतं. दोन वर्षं ती त्याच्या डाव्या बाजूला राहायला गेली होती आणि दर वेळी दोष असल्याच कुठल्यातरी सोयाबीनवर ढकलत होती. त्याला लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

काम आटोपून कर्टिस निघाला. जाताना त्याने व्हर्लिनचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला.

"गाडीच्या इंजिनाचा पट्टा मध्येच कुरकुरतोय, उस्ताद. उद्या आणतो. ऐकून सांगा."

"घेऊन ये," व्हर्लिन म्हणाला. "डावीकडून आण."

उन्हं कलली तेव्हा डोरीन पाण्यात उतरली. पंपाच्या भिंतीवरून मंद फिडल वाजत होतं आणि व्हर्लिनला त्यातला सूर न् सूर ऐकू येत होता. पोहत पोहत ती तलावाच्या उजव्या टोकाला गेली, कठड्याला धरून थांबली आणि त्याच्याकडे पाहून काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हललेले त्याला दिसले. सवयीने तो हसला, मानही हलणारच होती.

मग त्याने हात लांबवून गाणं बंद केलं, उठला आणि तलावाच्या काठाशी गेला.

"काय म्हणालीस?"

डोरीनने कपाळावरचे ओले केस मागे सारले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"ऐकू आलं नाही मला," तो म्हणाला. "या कानाने येतच नाही."

"पाण्यात ये, म्हटलं." तिने आवाज जराही चढवला नव्हता. "पाणी छान आहे."

"एवढंच?"

"एवढंच. मागचा अख्खा उन्हाळा रोज हेच म्हणत होते. तू हसायचास, मान डोलवायचास आणि खुर्चीतच बसून राहायचास."

व्हर्लिनने मनगटावरचं घड्याळ काढून कठड्यावर ठेवलं आणि शर्टाची बटणं सोडायला घेतली. तो पायऱ्यांवरून पाण्यात उतरेपर्यंत डोरीन पोहत त्याच्या डाव्या हाताला येऊन थांबली होती.