पकडला म्हणजे पकडला

बाईंनी टाकीवरचा काटा बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. काटा शून्यावर. शेजारच्या पडद्यावर मात्र पकडलेल्या वायूचा आकडा भराभर चढत होता.

बाई अभियांत्रिकीच्या प्राध्यापक. हवेतला कार्बन वायू विजेने पकडायचं यंत्र घडवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. कुणी विचारलं तर लहान मुलालाही कळेल असं सांगत, "वीज सोडली की आतल्या पट्ट्या वायू घट्ट धरतात. उलटी सोडली की मोकळा करतात. मग तो टाकीत भरायचा आणि खोल जमिनीत पुरायचा."

सिमेंटच्या या कारखान्यात धाकटा भाऊ व्यवस्थापक, म्हणून यंत्र इथं बसलं. आज परवान्याचे साहेब यायचे होते. आकड्याखाली बाईंची सही झाली की कारखान्याला दुसऱ्या भट्टीचा परवाना मिळणार होता.

"धाकट्या, टाकी रिकामी कशी?"

"ताई, आल्या आल्या तपासणी? आधी चहा घे."

"चहा गेला खड्ड्यात. वायू कुठाय?"

धाकटा घड्याळ बघू लागला. बाई नळीचा माग काढत निघाल्या. नळी टाकीकडे वळलीच नव्हती. भिंतीतून थेट मागच्या आवारात गेली होती आणि तिथं तिचं तोंड उघडं, फुसफुसत होतं. हातभर अंतरावर यंत्राचा हवा ओढणारा पंखा.

कळलं तशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुटलेला वायू पंखा परत आत ओढत होता. पट्ट्या तोच पुन्हा पकडत होत्या, पडदा तोच पुन्हा मोजत होता. आणि या आकड्यावर त्या महिनाभर कॉलर ताठ करून फिरत होत्या!

"अरे, ही काय पकडापकडी? एकाच गड्याला किती वेळा आउट करणार?"

"टाकी भरून करू काय? न्यायला कुणी येत नाही, ताई. आणि पडद्यावरची पाटी वाच ना. 'पकडलेला वायू.' ठेवलाय असं कुठं म्हटलंय? पकडला म्हणजे पकडला."

"चोराला पुढच्या दारानं धरायचं आणि मागच्या दारानं सोडायचं? वर पाटी लावायची?"

"हळू बोल, साहेब आले."

साहेब पडद्यापाशी खूश होऊन उभे होते. "मॅडम, आकडा झकास आहे!"

"आकडा राहू द्या. मागं चला."

साहेबांनी नळीपुढे हात धरला. मग पंख्याकडे पाहिलं. "म्हणजे यंत्र बिघडलंय?"

"यंत्राला नावं ठेवू नका!" बाईंचा आवाज चढला. "ते बिचारं सांगितलेलं काम चोख करतंय. लबाडी माणसांची आहे."

"मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही. इथं बसवल्यापासूनचा एकही आकडा खरा धरता येणार नाही. मी सही करणार नाही."

"सगळं घालवलंस," धाकटा पुटपुटला.

"मी? पाना आण. साहेबांसमोर नळी टाकीला जोड."

"मी जोडू?"

"मग काय, आईला बोलावू?"

इस्त्रीच्या कपड्यांत धाकटा गुडघ्यांवर बसला. ओढून ताणून पाहिलं, पण नळी टाकीपर्यंत पोचेना.

"दुसरी मागव," म्हणत बाईंनी यंत्र बंद केलं. "आणि साहेबांना खुर्ची दे. वेळ लागणार आहे."