हो म्हणणारी बाई

वीज त्या गावात अजून यायची होती, त्या काळची ही गोष्ट. खुनाची कबुली मिळाली की पोलिसांना हायसं वाटतं. या फौजदाराचं मात्र कबुली मिळाली आणि डोकं दुखायला लागलं. नोकरीची शेवटची वर्षं, गुडघे कुरकुरायला लागलेले, बायको जाऊन बराच काळ लोटलेला. अशा वयात माणसाला सरळ प्रकरणं हवी असतात. हे सरळच होतं. जरा जास्तच सरळ होतं, तिथेच त्याला खटकत होतं.

गावात दोन भावांची लाकडाची वखार होती. थोरला बिनलग्नाचा, धाकटा संसारी. एका सकाळी थोरला फळ्यांच्या ढिगाखाली मेलेला सापडला. थप्पी कोसळली असं सगळ्यांनीच धरलं, कारण वखारीत थप्प्या कोसळतातच. दुपारी सरकारी दवाखान्यात डोकं धुतल्यावर सर्जनला मागच्या बाजूला हातोड्याचा गोल घाव दिसला, आणि संध्याकाळपर्यंत गुन्हेगारही तयार झाला. धाकट्याची बायको.

तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. त्यानंतर ती बोलेना, जेवेना, मध्येच रडत सुटे. त्या काळी अशा दुखण्याला कुणी दुखणं म्हणत नसे. थेरं म्हणत, आणि थेरं थांबली नाहीत की वेड. नवऱ्याने तिला गावाबाहेरच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घातलं. तिथे तिची कित्येक वर्षं गेली. काही महिन्यांपूर्वी थोरल्या दिराने स्वतःच्या जबाबदारीवर तिला घरी आणलं होतं. आता तोच मेला म्हटल्यावर गावाला वेगळा पुरावा कशाला हवा?

हवालदाराने तिला विचारलं, "तू मारलंस?"

"हो," ती म्हणाली.

"हातोड्याने?"

"हो."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणून हवालदार खूश झाला. वेड्यांना मोकळं सोडलं की असंच व्हायचं, असं गावही म्हणायला लागलं. काल-परवापर्यंत तिच्या हातचं लोणी मागून नेणाऱ्या बायकाही म्हणायला लागल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय!

फौजदार तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. बाई कृश होती, मांडीवर हात ठेवून शाळेतल्यासारखी ताठ बसली होती.

"बाई, हातोडा कुठे टाकलात?"

ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नदीत टाकलात?"

"हो, साहेब."

"की विहिरीत?"

"हो, साहेब."

फौजदाराने डोळे चोळले. "मागे पुरात पूल वाहून गेला, तोही तुम्हीच पाडलात का?"

"हो, साहेब."

हवालदाराला हसू फुटलं. फौजदाराला काही हसू आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते त्याने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा पाहायची त्याच्यात ताकद नव्हती.

गुडघे सांभाळत तो इस्पितळाचा चढ चढून गेला. तिथला डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगून टाकायला हवं. वाईट असता तर फौजदाराचं काम सोपं झालं असतं. डॉक्टरने चहा मागवला आणि आपली पद्धत शिक्षकाच्या हौसेने समजावून सांगितली.

"मी रोज सकाळी फेरी मारतो. विचारतो, बरं वाटतंय ना? काल रडलीस ती चूक झाली ना? जो हो म्हणतो तो सुधारतोय. नाही म्हणतो त्याला गार पाण्याच्या हौदात बसवतो. त्याने नसा शांत होतात. ही बाई सुरुवातीला फार नाही म्हणायची. शेवटच्या वर्षात एकदाही नाही म्हणाली नाही. म्हणून तर घरी सोडली."

"आणि तुम्ही उद्या विचारलंत, तू हत्ती आहेस का, तर?"

"हो म्हणेल," डॉक्टर अभिमानाने म्हणाला. "घरी सोडल्यावर मी एकदा तिला बघायला गेलो होतो, तेव्हा तिच्या नवऱ्यालाही हे करून दाखवलं होतं. थक्क झाला होता बिचारा."

फौजदाराने चहा तसाच ठेवला. उतारावर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ही बाई आपण होऊन काही बोलत नाही, विचारलं तरच हो म्हणते. मग हवालदाराला तिचं नाव कुणी सुचवलं? तिला पहिल्यांदा कुणी विचारलं?

वखारीतच भावांचं घर होतं, त्याला लागून शिंप्याचं, मधे एक पातळ भिंत. शिंपीण काजं करत दारात बसली होती. फौजदार तिच्या पायरीवर टेकला तेव्हा तिने त्याला पाणी दिलं आणि न विचारताच सुरू झाली.

"मी ऐकलं ना साहेब, या कानांनी ऐकलं! धाकटे तिला विचारत होते, दादाला तूच मारलंस ना, हातोड्याने मारलंस ना? आणि ती आपली हो, हो. मी तर गारच पडले. घावाचं कळल्यावर हवालदारांना मीच सांगितलं."

"हे कधीचं?"

"सकाळचं. पलीकडे माणसं फळ्या उचलत होती. माझे हे पण गेले होते हात लावायला."

"फळ्या अजून उचलत होते?"

"हो तर. थोरले जिवंत निघतील अशी आशा होती हो सगळ्यांना." एवढं बोलल्यावर शिंपिणीचा हात काजावरच थांबला. बाई बोलकी होती, मठ्ठ नव्हती.

थोरला जिवंत आहे की मेला हेच कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा धाकट्याला हातोडा ठाऊक होता.

धाकट्याने फार ताणलं नाही. वखारीतल्या ओंडक्यावर बसून त्याने ऐकून घेतलं, मग फौजदाराच्या बुटांकडे बघत बोलला. त्याला दुसरं लग्न करायचं होतं, मुलगी ठरली होती. बायको कायमची इस्पितळात असेल तरच मुलीकडचे तयार होते. आणि थोरल्याने तिला घरी आणून ठेवली. वर म्हणत राहिला, ही वेडी नाही रे, ही दुःखी आहे, तू इतकी वर्षं तिला भेटायला तरी गेलास का?

"रोज तेच बोलायचा," धाकटा म्हणाला. "जेवताना सुद्धा."

फौजदाराला त्याचा राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते. त्याला फक्त बसावंसं वाटलं.

खुनी सापडला, तरी बाईचं काय करायचं हे मॅजिस्ट्रेट ठरवणार होते. ती ठाण्याच्या मागच्या खोलीत राहिली. खोट्याला खोटं म्हणता आलं तर ती शहाणी ठरेल, बाहेर राहील, असा फौजदाराचा साधा हिशेब होता. तो रोज तिच्यासमोर बसायचा.

"बाई, जे खोटं आहे त्याला नाही म्हणायचं. म्हणाल ना?"

"हो, साहेब."

इथे मात्र त्यालाही हसू आलं. एकदा त्याने बिनसाखरेचा चहा तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, गोड आहे ना? हो, साहेब. पिऊन सांगा. तिने घोट घेतला. मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीकडे तिची नजर सारखी जायला लागली.

"नाही," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

कुणी पाणी ओतलं नाही. जरा वेळाने तिने हात काढले. फौजदाराने तिच्या चहात साखर घातली.

तिला कोण ठेवून घेणार, हे विचारायला तो आपल्या बहिणीकडे गेला.

"दादा, माझ्या घरात लेकरं आहेत," बहीण म्हणाली. "वेड्या बाईला मी कुठे ठेवू? लोक काय म्हणतील?"

"ती वेडी नाही गं."

"मग इतकी वर्षं तिथे काय करत होती?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते बहिणीच्या स्वयंपाकघरात मावणारं नव्हतं.

मॅजिस्ट्रेट सभ्य गृहस्थ होते. धाकट्याची रवानगी केल्यावर त्यांनी विचारलं, बाईची जबाबदारी कोण घेतंय? जबाबदारी घेणारा दीर मेला होता, नवरा तुरुंगात होता. फौजदार उभा राहिला, "मी घेतो," म्हणाला.

"तुम्ही एकटे असता," मॅजिस्ट्रेट अवघडून म्हणाले. "बरं दिसतं का ते?" मग त्यांनी बाईला अगदी प्रेमाने विचारलं, "तू इस्पितळात परत जाशील ना?"

बाईने आधी फौजदाराकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

 मत द्यायला बोलावलेला इस्पितळाचा डॉक्टर शेजारीच बसला होता. त्याने उसासा सोडला, आणि तो उसासा खरा होता. "बघा. घरी सोडली तेव्हा एकदाही नाही म्हणत नव्हती. बाहेर येऊन पुन्हा बिघडली."

"आणि हो म्हणाली असती तर, साहेब?" फौजदाराने विचारलं.

"मग स्वखुशीने गेली असती," मॅजिस्ट्रेट म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! धाकट्याने ज्यासाठी सख्ख्या भावाला मारलं, तेच कोर्टाने कायद्याने करून दिलं.

तिला पोचवायला फौजदार स्वतः गेला. चढावर दोघंही दमले, दोनदा बसले. इस्पितळाच्या फाटकाशी पहारेकऱ्याने कुलूप काढलं तेव्हा आत कुठेतरी हौदात पाणी सोडल्याचा आवाज येत होता. तिनेही तो ऐकला. ज्या तोंडाने तो तिला इतके दिवस शिकवत होता, त्याच तोंडाने आता उलटं शिकवायची वेळ आली होती.

"बाई," तो म्हणाला, "मी सांगितलेलं विसरून जा. आत गेल्यावर ते जे विचारतील त्याला हो म्हणा. म्हणाल ना?"

तिने त्याच्याकडे सरळ बघितलं.

"नाही, साहेब," ती म्हणाली, आणि आत गेली.