गुलाबी हार ओवणारी सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. कपडे शिवणारी नव्हे, हार ओवणारी. जन्माने मी छत्रीची काडी. परभणीच्या बाजारात, महादेवाच्या देवळाच्या भिंतीला लागून एक म्हातारी फुले विकत बसायची. वाऱ्याने तिची छत्री मोडली, तेव्हा तिने मला उपसून काढले आणि दगडावर घासून घासून टोक आणले. नेढे मला आधीपासूनच होते. तोंड मात्र कोणी दिले नाही, आणि त्याचेच दुःख मी तुम्हाला सांगणार आहे.

म्हातारीची एक सवय होती. कन्हेरीची फुले ओवून झाली की ती मला राखेने घासायची, मग स्वतःचे हात घासायची. का, ते तिने कधी सांगितले नाही आणि तिच्या लेकीने, बसम्माने, कधी विचारले नाही. म्हातारी गेली. दुकान बसम्माकडे आले, मीही आले. राखेची सवय तेवढी म्हातारीबरोबर गेली.

बसम्माच्या हातात मी खूप मिरवले. थंडीतल्या लग्नांना शेवंती, निशिगंध, झेंडू असे काय काय माझ्या अंगावरून गेले. "हार घ्यावा तर बसम्माचा," असे लोक म्हणत. त्यात माझाही वाटा आहे असे मला वाटे. सुईलाही थोडा गर्व असतो.

मग मार्गशीर्षातले ते लग्न आले. ईश्वरअप्पा नावाचे शेतकरी आपल्या महानंदाला घेऊन दुकानावर आले. मुलगी चुडाव्याला द्यायची होती. सोबत आंदण म्हणून चांदी नावाची गाय जाणार होती. महानंदानेच ती वासरापासून वाढवली होती. तिचे स्वतःचे असे त्या लग्नात तेवढेच होते.

"मावशी, झेंडू नको," महानंदा म्हणाली. "झेंडू पोळ्याला बैलाच्या गळ्यात. मला पांढरा अन् गुलाबी हार पायजे, माझ्या शालूसारखा."

बसम्मा हसली. पांढरी शेवंती होती, पण गुलाब नांदेडहून यायचे होते, आणि त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एस.टी. जागची हलत नव्हती. लग्नाच्या दिवशी सकाळीही गुलाब आले नाहीत. देवळामागे कन्हेर तेवढी गुलाबी फुलली होती.

"अप्पा, कन्हेर घालू का?" हार न्यायला आलेल्या ईश्वरअप्पांना बसम्माने विचारले.

"महादेवाला चालती, मग माझ्या लेकीला का चालणार न्हाई? घाला की."

मी एकेका फुलातून गेले. देठातला पांढरा चीक माझ्या अंगावर चिकटत राहिला. मला राख हवी होती. मला फार भीती वाटली, मित्रांनो, आणि कशाची ते कळत नव्हते. हार मात्र असा देखणा झाला की बाजारातल्या बाया बघायला थांबल्या.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. काही दिवसांनी ईश्वरअप्पा एकटेच दुकानावर आले आणि खाली मान घालून सांगू लागले. लग्नाचा हार चुडाव्याला देवाजवळ खुंटीला टांगला होता. तो वाळला. अशी फुले उकिरड्यावर टाकत नाहीत, पायाखाली येतात. ती गाईला घालतात. सासू नागुबाईंनी हार सुनेच्या हातात दिला. "तुझा हार, तुझी गाय. तूच घाल." ओली कन्हेर जनावर हुंगून सोडते. पण ही वाळलेली, शेवंतीत मिसळलेली, आणि हात महानंदाचा. चांदीने सगळा हार खाल्ला. सकाळी ती गव्हाणीपाशी मरून पडली होती.

"पोरीला पांढऱ्या पायाची म्हनायलेत," अप्पा म्हणाले. "सोमवारी आणून घालतो म्हनलेत. कायमची."

बसम्माच्या हातात मी अर्ध्या हारात होते. तिने माझ्याकडे पाहिले. मग चुलीतली राख घेऊन ती मला घासू लागली, आणि घासता घासता रडू लागली. आईची सवय तिला आता समजली होती.

दुसऱ्या दिवशी टोपलीतली वाळकी कन्हेर पदरात बांधून, मला दोऱ्याच्या रिळात खोचून, ती आगगाडीने चुडाव्याला गेली. ओसरीत महानंदाची पेटी बांधून ठेवलेली होती. महानंदा भिंतीशी बसली होती, डोळे कोरडे.

"गाय तुमच्या सुनेनं न्हाई मारली, आक्का," बसम्मा म्हणाली. "माझ्या हारानं मारली. त्यात कन्हेर होती. ही बगा."

नागुबाईंनी फुलांकडे पाहिलेसुद्धा नाही. "रोज वाहते मी महादेवाला. देवाच्या फुलानं कुठं जीव जातो का? पायगुण म्हना की सरळ."

बसम्माने फुलांचा पदर पुन्हा पुढे केला. मला सांगायचे होते, पण तोंडच नाही.

तेव्हा महानंदा उठली. बसम्माच्या पदरातली फुले तिने ओंजळीत घेतली, अंगणात गेली, आणि सासूच्या दुभत्या म्हशीपुढे ओंजळ धरली. म्हशीने मान पुढे केली.

"आत्याबाई, देवाचंच फूल हाय," ती म्हणाली. "घालू?"

नागुबाई धावत आल्या. त्यांनी तिच्या हातावर असा फटका मारला की फुले शेणात पडली. मग त्या तशाच उभ्या राहिल्या. आपण काय केले ते त्यांच्या लक्षात आले होते, आणि अंगणातल्या सगळ्यांच्याही. माफी कोणी मागितली नाही. महानंदाने पेटी उचलली आणि स्वतःच आत नेऊन ठेवली.

मित्रांनो, आता बसम्मा थकली आहे. तिच्या सुनेकडे नवी, बारीक सुई आहे. मी दुकानाच्या लाकडी खांबात टोचलेली, गंजलेली. पुन्हा थंडी आहे, पुन्हा लग्ने आहेत, आणि गुलाबी हाराची हौस काही संपलेली नाही. गेल्या आठवड्यात त्या सुनेने शेवंतीत कन्हेर ओवली आणि हात तसेच साडीला पुसले. आज समोरच्या मांडवामागे तो हार वाळून पडला आहे. एक मोकळी गाय कोपऱ्यावरून वळून तिकडेच येते आहे.

मला ओरडता येत नाही. तुम्हाला तोंड आहे. उठा.