अनाक्लेतोचं झाड कुणी लावलं

ज्या सकाळी झुल्मिराच्या अंगणात पिवळट फुलं पडली, त्या सकाळी तिच्या नवऱ्याने कॉफीचा पेला अर्धा टाकला आणि तो टांगलेल्या जाळीच्या झुल्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. झुल्मिरा बिचारी ओंजळभर फुलं घेऊन त्याला दाखवायला गेली होती. अंगणातल्या कास्तान्याच्या झाडाला वीस वर्षांनी पहिल्यांदा बहर आला होता, कौतुकाचीच गोष्ट होती. अनाक्लेतो म्हणाला, "मी मेलो."

आमच्या नदीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की कास्तान्या जो लावतो, तो झाडाचं पहिलं फळ जमिनीवर पडलं की मरतो. म्हणून आमच्याकडे कुणी कास्तान्या लावत नाही. लावायची गरजही नसते, ते काम कुचीया करते. कुचीया म्हणजे सशाएवढा, उंच पायांचा, शेपूट नसल्यासारखाच एक उंदीर. कास्तान्याचं दगडासारखं फळ जंगलात तिच्याच दातांना फुटतं. आतल्या थोड्या बिया ती खाते, बाकीच्या पुढच्यासाठी इकडेतिकडे पुरते आणि त्यातल्या काही विसरून जाते. कधी दुसरी कुचीया येऊन त्या चोरते आणि तिसऱ्याच जागी पुरून ठेवते. या विसरभोळ्या चोरट्यांच्या कारभारातून आमचं जंगल उभं राहिलंय, आणि त्याच्याच जिवावर आम्ही दर पावसाळ्यात बियांच्या टोपल्या भरतो.

हे सगळं ठाऊक असून अनाक्लेतो वीस वर्षं सांगत आला, की हे झाड त्याने स्वतःच्या हाताने लावलं. आधी नुसतं लावलं होतं. पुढे त्याला ओढ्यावरून पाणी आणून घातलं गेलं. मग एका उन्हाळ्यात म्हणे तो रात्रभर रोपाशेजारी बसून राहिला. होडीतून कुणी पाहुणा उतरला, की कॉफीच्या आधी त्याला झाड दाखवलं जायचं. वर्षातून एकदा येणाऱ्या पाद्रीबाबांनी तर प्रवचनात अनाक्लेतोचं नाव घेऊन झाडावर पवित्र पाणी शिंपडलं होतं. मरणाचं कुणी विचारलंच, तर तो हसायचा. तेव्हा तो पस्तिशीचा होता, आणि पस्तिशीत मरण नेहमी शेजाऱ्याला येतं.

अनाक्लेतो माझ्या मुलीचा धर्मपिता. म्हणून मी त्याला कोंपाद्रे म्हणते आणि ती दोघं मला कोमाद्रे म्हणतात. या नात्यात तोंडावर बोलायची मुभा असते, आणि मी ती पुरेपूर वापरते. फुलं पडल्याच्या तिसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. म्हणाला, झाड त्याने लावलंच नव्हतं, आपोआप उगवलेलं त्याला दिसलं होतं, कुचीयेनं पुरलं असणार.

"आणि ओढ्यावरून पाणी कुणी आणलं?" मी विचारलं. "तेही कुचीयेनंच का?"

"कोमाद्रे, माझा जीव जातोय आणि तुला थट्टा सुचतेय."

"रात्रभर बसली असेल बिचारी रोपाशेजारी."

तो चिडून निघून गेला. मग घरोघर फिरला, पण कुणीच ऐकेना. इतकी वर्षं जे त्याने आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं, ते आता आम्ही त्याच्या सोयीसाठी उपटून टाकायचं होतं. उलट लोक त्याच्याशी फारच गोड वागायला लागले. एकाने होडीची चौकशी केली, एकाने रविवारच्या टोपीची. एकजण तर बंदूक आत्ताच नेतो म्हणाला, तेव्हा झुल्मिराने बंदूक भिंतीवरून काढून आपल्या उशाशी ठेवली. पाद्रीबाबा आले, त्यांनी ही अंधश्रद्धा आहे असं ठणकावून सांगितलं, आणि जाता जाता पापांची कबुली एकदा देऊन टाक म्हणाले. त्यानंतर अनाक्लेतोची उरलीसुरली आशाही संपली.

शेवटी त्याने कुऱ्हाड काढली. झुल्मिरा आडवी आली. कास्तान्या तोडणं गुन्हा आहे, तुरुंगात जाशील, असं तिने बजावलं. तुरुंगातली माणसं जिवंत असतात, असं त्याचं म्हणणं पडलं. पण झाडाजवळ गेला, खोडावर हात ठेवला, आणि कुऱ्हाड तिथेच टाकून परत आला. त्या झाडावर त्याचं खरंच प्रेम होतं, हे मलाही मान्य करावं लागेल.

कास्तान्याच्या फुलाचं फळ होऊन ते पिकून पडायला वर्षाहून जास्त लागतं. एवढ्या काळात माणूस भीतीने किती वाळू शकतो, ते आम्ही पाहिलं. दुसरा पावसाळा आला, जंगलात फळं धपाधप पडायला लागली, तसं त्याने जेवण सोडलं. आवाज कानी पडू नये म्हणून कानांत कापूस कोंबला, वरून गोधडी घेतली. झुल्मिरा मात्र रोज त्या झाडाखाली झाडायची. मी तिला म्हणायची, अगं, डोक्यात पडलं तर जागच्या जागी जाशील. ती म्हणायची, पानं कोण उचलणार?

एके दिवशी ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली आणि रडायला लागली. "मला त्याचा राग येतो, कोमाद्रे. पण तो खरंच चाललाय गं. रात्री मी त्याच्या नाकापुढे हात धरून बघते." मग मलाही रडू आलं. केलेल्या सगळ्या थट्टेची लाज वाटली, आणि मी त्या दोघांसाठी मेणबत्ती लावली.

त्यानंतर लवकरच एका दुपारी तिच्या घराकडून बंदुकीचा एक बार ऐकू आला. ससाणा कोंबडीच्या पिल्लांवर आला असेल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची हाक आली, आणि मी धावले. झाडाखाली कास्तान्याचं मोठं फळ पडलं होतं, आणि त्याच्याखाली डोकं चेंगरून एक कुचीया मरून पडली होती. झुल्मिरा बाजूला उभी होती, हातात दांडा मोडलेला झाडू.

आम्ही दोघींनी अनाक्लेतोला झुल्यातून ओढून आणलं, कानांतला कापूस काढला. तो अनवाणी उभा राहून कितीतरी वेळ बघत होता. तोवर शेजारपाजार गोळा झाला. अनाक्लेतोने डोक्याची टोपी काढून छातीशी धरली.

"हिनंच लावलं होतं," तो म्हणाला. "मी सांगत होतो ना."

वीस वर्षांपूर्वीची कुचीया आजवर जगली कशी, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना वाट पाहण्याचा कंटाळा आला होता. टोपीवर डोळा असलेल्यानेसुद्धा छातीवर क्रुसाची खूण केली. अनाक्लेतो गुडघ्यांवर बसला आणि तिचं श्रेय लाटल्याबद्दल त्याने तिची माफी मागितली, अगदी मनापासून. तिला पुरून वर खूण लावावी असं त्याच्या मनात होतं. झुल्मिराने मांस वाया घालवायला साफ नकार दिला आणि तिला मागच्या पायांना धरून स्वयंपाकघरात नेलं.

दुपारी कास्तान्याच्या बियांच्या दुधात शिजवलेलं ते मांस आणि भाजलेलं कंदाचं पीठ घेऊन आम्ही तिघं जेवायला बसलो. अनाक्लेतोने तीनदा वाढून घेतलं. मधूनच तो सांगत होता, ही कुचीया त्याने एकदा पाहिली होती, रोप लहान असताना, ती जमीन कशी थापटत होती, किती जपून. मला हसू आवरेना. तेवढ्यात माझ्या दाताखाली काहीतरी कडक आलं. जिभेने चाचपलं. बंदुकीचा छर्रा होता.

मी झुल्मिराकडे पाहिलं. तिने माझ्या ताटात आणखी पीठ वाढलं.

जेवण झाल्यावर आम्ही दोघी ओढ्यावर भांडी घासायला गेलो. मी छर्रा तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो पाण्यात टाकून दिला.

"मग फळ कधी पडलं?" मी विचारलं.

"कालच, दुपारी. मी झाडत होते. झाडूच्या दांड्यावर आपटलं, हात अजून झिणझिणतोय." तिने ताटलीवर वाळू घेतली. "पिठासाठी लावलेल्या कंदांत एक कुचीया शिरायची, तिला लगेच टिपली, आणि पहाटे तिचं डोकं फळाखाली चेचून ठेवलं."

"म्हणजे झाड कुणीच लावलं नव्हतं. उगाच बिचारा..."

"मी लावलं होतं," झुल्मिरा म्हणाली.

माझ्या हातातलं ताट पाण्यात गेलं. ती शांतपणे ते पकडून मला देत सांगायला लागली. लग्न होऊन आली तेव्हा टोपलीच्या तळाशी कोंब फुटलेल्या चार बिया राहिल्या होत्या, टाकवेनात, म्हणून स्वयंपाकघरामागे पुरल्या. आठवडाभरात कुचीयेनं सगळ्या उकरून नेल्या. पुढे एक अंगणाच्या त्या टोकाला उगवली. अनाक्लेतोने ती पाहिली, भोवती कुंपण घातलं आणि स्वतःची म्हणायला लागला. त्याला इतका आनंद झाला होता, की तिने सांगितलंच नाही. आणि ते झाड तिचं म्हणायचं की कुचीयेचं, हे तिलाही ठरवता येत नव्हतं.

"आणि वर्षभर तू त्याच्याखाली रोज झाडत होतीस. तुला भीती नाही वाटली?"

"वाटायची ना. रोज वाटायची," झुल्मिरा म्हणाली. "पण झुल्यात तो पडला होता, कोमाद्रे. मी कुठे पडणार?"