तीन मिनिटांची वाळू

मित्रांनो, दात घासताना तुमच्यापैकी किती जण घाई करतात हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या घाईला लगाम घालण्यासाठीच माझा जन्म झाला. मी वाळूचं घड्याळ. आता म्हातारा झालो, एका अंगाला तडा गेला, काम सुटलं. पण एके काळी या दवाखान्यात माझ्यावाचून पान हलत नसे.

एका कारागिराने भट्टीपुढे बसून नळीत फुंकर मारली आणि माझी दोन पोटं फुगवली. मधे एवढीशी मान ठेवली. मग चाळून चाळून बारीक केलेली वाळू आत भरून माझं तोंड वितळवलं आणि कायमचं बंद केलं. तेव्हा मला फार अभिमान वाटला. आपण कोंडले गेलो आहोत हे कळायला पुष्कळ दिवस लागले. माझ्या वाळूला खाली पडण्यावाचून दुसरी वाट नाही. सगळी पडली की कोणीतरी मला उलटं करणार, की पुन्हा तेच. मधेच थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही.

दातांच्या डॉक्टरांनी मला आणून टेबलावर ठेवलं. वाळू संपेपर्यंत ब्रश थांबवायचा नाही, असं ते मुलांना सांगत. म्हणजे सांगायचा प्रयत्न करत. डॉक्टर बोलताना अडखळत. शब्दाच्या दारातच जीभ अडकून बसे, मान ताठ होई, डोळे मिटत, आणि शब्द काही बाहेर येत नसे. फक्त "आ करा" एवढं त्यांना कधी अडलं नाही. जगाची तोंडं उघडणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड मात्र ऐन वेळी बंद, असा तो प्रकार. यावर ते स्वतःच हसत. पण पेशंट दाराबाहेर गेला की ते हसू मावळायचं, हे मी पाहिलं आहे.

रविवारी दवाखान्याला सुट्टी. तेव्हा पेशंटच्या बाकांवर वाचक मंडळ भरे. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाई म्हणत, एक वकीलसाहेब, शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या वहिनी, आणि आमचे डॉक्टर. महिन्याला एक पुस्तक निवडायचं, सगळ्यांनी वाचायचं आणि त्यावर बोलायचं. बाईंचा नियम कडक होता. सुचवताना पुस्तक दाखवायचं नाही आणि कागदावरून वाचायचं नाही. एकदा नुसत्या देखण्या मुखपृष्ठाला भुलून मंडळाने एक रटाळ पुस्तक निवडलं होतं, तेव्हापासूनचा हा कायदा. तोंडाने सांगा, पटलं तर घेऊ.

पण वकीलसाहेब एकदा सुरू झाले की थांबायचं नाव नाही. पुस्तकावरून लेखकाच्या गावाला आणि तिथून स्वतःच्या आजोळी पोचत.

"यांना काहीतरी लगाम हवा हो," एकदा बाई वैतागून म्हणाल्या.

डॉक्टर उठले, आतून मला घेऊन आले आणि बाईंसमोर ठेवलं. सगळे खो खो हसले. ठरलं! प्रत्येकाला तीन मिनिटं, वाळू संपली की बोलणं संपलं. लगाम आणला वकीलसाहेबांसाठी आणि बसला डॉक्टरांच्या तोंडाला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

डॉक्टरांच्या मनात एक पुस्तक होतं. समुद्रातल्या दीपगृहात राहणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट. दुपारी दोन पेशंटच्या मधे ते खणातून पाठ फाटलेलं ते लहानसं पुस्तक काढत आणि माझ्याकडे बघत रविवारच्या बोलण्याची तालीम करत. एकटे असले की त्यांना छान जमे. रविवारी मात्र मला उलटं केलं की वाळूचा तो बारीक धागा पाहूनच त्यांची जीभ पुन्हा अडकून बसे.

"हे पु... पु..."

वहिनींना ते बघवत नसे. स्वभावच मायाळू. "प्रवासाचं आहे का, डॉक्टर? डोंगरांचं? हो ना?" त्या मदतीला धावत. डॉक्टर घाईघाईने मान हलवत. ती होकाराची की नकाराची हे कोणाला कळायच्या आत माझी वाळू संपून जाई. मग डॉक्टरांनी सुचवलेलं म्हणून सगळे गिर्यारोहणावरचा जाडजूड ग्रंथ वाचत आणि "छान निवड हं, डॉक्टर!" म्हणून पाठ थोपटत. बिचारे डॉक्टरही तो इमानेइतबारे वाचून येत. पुढे त्यांच्या नावावर मधमाश्यांचं एक पुस्तक चढलं. मग जहाजबांधणीचं. ते निदान समुद्राच्या जवळचं तरी होतं.

मित्रांनो, त्या वेळी मला स्वतःची भारी चीड येई. मीही कोंडलेला, तेही कोंडलेले, आणि त्यांच्या कोंडवाड्याचं दार दर रविवारी मीच लावत होतो. ओरडून सांगावंसं वाटे, पण काचेला कुठला आवाज?

मग एके दिवशी एका घाबरलेल्या मुलाचा हात लागून मी खाली पडलो. डॉक्टरांनी मला पुसून जागेवर ठेवलं. केसाएवढा तडा कोणाला दिसला नाही. शेजारी अवजारं उकळायचं भांडं होतं. त्याची वाफ त्या तड्यातून रोज थोडी थोडी माझ्या पोटात शिरू लागली.

पुढच्या रविवारी वकीलसाहेब घसा साफ करत म्हणाले, "डॉक्टर, राग मानू नका, पण तुम्हाला उगीच त्रास कशाला? यापुढे तुमच्या वतीने वहिनीच सुचवत जातील. तुम्ही नुसतं ऐकायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. किती प्रेमाने दार लावून घेत होती ही माणसं! डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी एक बोट वर केलं. आजच्या दिवस तरी, असं त्यात होतं. बाईंनी मला उलटं केलं.

चार दाणे पडले आणि वाळू मानेत गच्च बसली.

"हे पु... पु..." वहिनींनी तोंड उघडलं, तोच डॉक्टरांनी हात आडवा धरला. "पु... पुस्तक..."

"बाई, वाळू अडकलीय," वकीलसाहेब कुजबुजले. "टिचकी मारा."

बाईंचं बोट माझ्यापर्यंत आलं. मी श्वास रोखला. त्यांनी एकदा माझ्या मानेकडे पाहिलं आणि एकदा डॉक्टरांच्या ताठलेल्या मानेकडे. मग त्यांनी हात मांडीवर परत नेला.

"राहू दे अडकलेली. डॉक्टर, सावकाश. आम्हाला कुठे जायचंय?"

बराच वेळ गेला. पण बोलले डॉक्टरच.

"आ... आई आणि मी हे पुस्तक एकदम वाचायचो. मो... मोठ्यांदा, दोघं मिळून. को... कोणाबरोबर वाचलं की माझं अडत नाही. ती गेल्यापासून मी मोठ्यांदा वा... वाचलंच नाही."

वकीलसाहेबसुद्धा गप्प, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी बाईंनीच चष्मा चढवला.

"पुस्तक इथे आहे?"

"पण ब... बाई, नि... नियम?"

"माझाच आहे ना? मी बघते त्याचं काय करायचं ते. आणा!"

एका पुस्तकावर चार डोकी वाकली. बाईंनी बोट ठेवलं आणि सगळ्यांनी एकदम पहिली ओळ वाचायला घेतली. त्या चार आवाजांत मी डॉक्टरांचा आवाज शोधत होतो. तो सरळ, मोकळा चालला होता. पान उलटलं. वहिनी डोळे पुसायला थांबल्या, डॉक्टरांचा आवाज थांबला नाही. मला उलटं करायची आठवण कोणालाच राहिली नाही.

त्यानंतर माझी वाळू कधी सुटली नाही. मुलांसाठी टेबलावर नवं घड्याळ आलं आणि मी खिडकीत धूळ खात पडलो. परवा वकीलसाहेब म्हणाले, "टाकून द्या की हे. काय उपयोगाचं?"

"अ... अ..." डॉक्टर अडले. वहिनी दोन्ही हात तोंडावर दाबून बसल्या. "असू दे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी रुमालाने माझी धूळ पुसली.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या, बिघडलेल्या वस्तू जरा सांभाळा. आणि तुमच्यासमोर कोणाचा शब्द अडला, तर तो मदत म्हणूनही ओढून काढू नका. शब्द म्हणजे काही किडलेला दात नव्हे. नुसते थांबा. आत कोंडलेलं माणूस तुम्ही थांबण्याचीच वाट बघत असतं.