कोपऱ्यावरचे वजन

काटेबाईंना कधी काही वाटलेच नाही. ही निंदा नव्हे, वस्तुस्थिती आहे. वडील गेले तेव्हा घरात रडारड चालली असताना त्यांनी डॉक्टरांकडून दाखला घेतला, आलेल्यांना पाणी दिले आणि उजाडेपर्यंत आईशेजारी बसून राहिल्या. कारण कुणीतरी बसायला हवे होते. "दगड आहे पोरगी," असे आत्या म्हणाली. दगडालाही त्यात वावगे वाटले नाही.

तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्या वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात लागल्या, म्हणून काटेबाई. निवृत्तीनंतर त्या रंगाच्या दुकानावरच्या हॉलमधल्या चिंतनवर्गाला जाऊ लागल्या. आपण आहोत त्याहून बरे माणूस व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी आसवे लागतात, हे अजून कुणी सिद्ध करून दाखवले नव्हते.

या वर्गातून काही निवडकांचा मौनवर्ग होई. त्यात बसलेल्यांना मार्गदर्शक स्वतः वर्षभर शिकवत. सगळे त्यांना दादा म्हणत. प्रवेश देण्याआधी दादा एकच विचारत, "बसल्यावर काय वाटलं?" कुणाला भरून आलेले असे, कुणाला हलके वाटलेले. काटेबाई म्हणत, "काही नाही," आणि दादा त्यांना मायेने माघारी पाठवत. यंदाचा मौनवर्ग मात्र शेवटचा होता. दादा थकले होते.

"ताई, 'भरून आलं' एवढंच म्हण," जिना चढताना धाकटी बहीण म्हणाली. "तुझ्या खिशातलं काय जातंय?"

"खोटं बोलून सत्य शोधायला जायचं? म्हणजे चोरी करून पोलिसात भरती व्हायचं."

"मग वाद जिंक आणि बाहेर बस."

"बाहेर कोण बसतंय?"

धाकटीने कपाळाला हात लावला. ताईने एका बड्या कारखानदाराचा काटा याच आवाजात सील केला होता.

हॉलमध्ये वर्गातले शिंपीकाका "भरून आलं" म्हणाले. त्यांना प्रवेश मिळाला. मग दादा वळले. "बाई, काय वाटलं?"

"काही नाही. एक गोष्ट कळली मात्र."

"कळणं डोक्याचं झालं. मी हृदयाचं विचारतोय."

"डोकं काय चपलांबरोबर खाली काढून ठेवायचं?"

शिंपीकाकांनी हसू खोकल्यात दडवले. दादा चिडले नाहीत. "ज्याला राग येत नाही, त्यानं क्षमा कुणाला करायची? ज्याला मोह नाही, त्यानं सोडायचं काय? लढाईच नाही बाई, तर जिंकणार काय तुम्ही?"

प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाला घाईने उत्तर देणे काटेबाईंच्या शिस्तीत बसत नसे.

"राग नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "पण स्वार्थ आहे की. भरपूर आहे. त्याला भावना लागत नाही, हिशेब पुरतो. मागल्या वर्षी या धाकटीचा गुडघा बिघडला. मी हिला घरी आणलं आणि उजेडाची खोली स्वतःकडे ठेवली. माझ्याकडे कारणं होती, एकाहून एक सरस. आता, काटा तपासताना आम्ही वजन आधी मधोमध ठेवतो, मग तेच चारही कोपऱ्यांवर ठेवून बघतो. कोपऱ्यावर आकडा बदलला की काटा खोटा. तसं इथं बसून मी माझं कारण उचललं आणि हिच्या जागी ठेवलं. घर हिचं आणि गुडघा माझा असता, तर ते मला पटलं असतं? नसतं. त्याच दिवशी पलंग हलवला."

"म्हणजे दया आली तुम्हाला."

"नाही आली. आली असती तर ती आटेपर्यंत खोली दिली असती. ही अजून तिथंच झोपते."

"आणि खिडकी उघडी टाकते म्हणून रोज बोलणी खाते," धाकटी पुटपुटली.

दादांनाही हसू आले, पण त्यांनी मान हलवली. "कोरडं आहे हो हे. यात आनंद कुठाय?"

"आनंद मिळेल म्हणून बसतो तो गिऱ्हाईक. मी गिऱ्हाईक नाही."

"मग माझ्याकडे तुम्हाला देण्यासारखं काही नाही. तुम्ही बाहेर बसा, बाई."

काटेबाई हलल्या नाहीत. "ज्याला वाटत नाही त्याला इथं जागा नाही, असा नियम असेल तर सगळ्यांदेखत तसं म्हणा. मी आल्या पावली जाते. फक्त म्हणण्याआधी तो नियम एकदा कोपऱ्यावर ठेवा. उद्या वयानं, आजारानं तुमचंच वाटणं थांबलं, तर तुम्ही हा हॉल सोडाल?"

दादांनी नियम मनातल्या मनात कोपऱ्यावर ठेवून पाहिला. ते प्रामाणिक गृहस्थ होते, हीच त्यांची अडचण होती. शेवटी शिंपीकाकांना म्हणाले, "दार लावून घ्या."

कोण आत, कोण बाहेर, हे ते बोलले नाहीत. शिंपीकाकांनी काटेबाईंकडे पाहिले, दादांकडे पाहिले आणि दार लावले.

मौन सुरू झाले. काटेबाईंना काहीही वाटले नाही. त्या पाठ ताठ करून कामाला लागल्या: आजचा आपला हट्ट सत्यासाठी होता, की भल्या माणसाला चारचौघांत निरुत्तर करण्यासाठी? उत्तर त्यांना सोयीचे निघेना.

त्या उठल्या नाहीत.