चमच्याखालची थाळी

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी थाळी आहे. माझ्या काठाला पोचा आहे आणि पाठीवर कारागिराच्या हातोडीच्या खुणा अजून दिसतात. पहिली काही वर्षं माझ्यात माणसं जेवली. मग घरात स्टील आलं आणि मला वेगळंच काम मिळालं.

घरातले बाबा बसचालक होते. डेपोत चालक कमी, म्हणून पहाटेची पाळी संपवून ते दुपारी घरी येत आणि संध्याकाळची पाळीही धरत. मधल्या वेळात बूट न काढता आरामखुर्चीत बसत. लोंबत्या हातात चमचा, त्याखाली फरशीवर मी. डोळा लागला की बोटं सैल पडत, चमचा माझ्यावर आदळे आणि ते दचकून उठत. "झाली झोप! घड्याळापेक्षा थाळी बरी, किल्ली द्यावी लागत नाही," असं सगळ्यांना सांगत. मी फुगून जाई.

आधी मी अर्ध्या तासाने वाजत असे. मग दहा मिनिटांनी. पुढे तर ते टेकले की लगेच. त्यांचे डोळे लाल राहू लागले, रक्तदाब चढला. एकदा लेकीचं नावच आठवेना. डॉक्टर म्हणाले, "सलग सात तास झोपा." बाबा हसले, "गोळी द्या हो, सात तास कुठून आणू?"

एका दुपारी लेकीने माझ्यावर टॉवेलची घडी ठेवली. चमचा पडला, पण आवाज झाला नाही. बाबा चार तास झोपले. पाळी चुकली.

"माझ्या थाळीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

"पोरीवर काय ओरडता?" आई म्हणाली. "आरशात बघा, किती दिवसांनी माणसात आलात."

लेकीने टॉवेल उचलला. पुन्हा कधी ठेवला नाही.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी चमचा पडला. मी नेहमीसारखीच खणखणीत वाजले. बाबा उठले नाहीत.

"अगं, हलव त्यांना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. लेकीने हलवलं.

मित्रांनो, आता मी लेकीच्या घरी फळीवर असते. मला फार उशिरा कळलं, की मी वाजायचे ती झोप संपल्यावर नव्हे, सुरू होताना. अकरा वर्षं मी त्यांची झोप दारातूनच परत पाठवली. तुमच्या घरी कोणी दमून डोळे मिटले, तर आवाज करू नका. आणि एकदा टॉवेल ठेवलात, की कोणी कितीही ओरडलं तरी तो काढू नका.